वॉल्टर अंकलचे तीन शुक्रवार

बहारीनमधल्या जिदहफ्स गावातल्या आमच्या घराला सकाळ व्हायची ती खालच्या बेकरीमुळे. पहाटेची अजान संपली की जरा वेळानं तंदुरात रोट्या थापल्याचे थपथप आवाज सुरू व्हायचे, आणि खुबूस भाजल्याचा वास जिना चढून थेट आमच्या गाद्यांपर्यंत यायचा. आई मला पिशवी देऊन खाली पिटाळायची. गरम खुबुसावर वऱ्हाडातून आणलेल्या मिरच्यांचा ठेचा आणि वरून कच्चं तेल, हा आमचा नाश्ता. ज्वारीचं पीठही घरात असायचं, पण ते बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये दडवून आणलेलं असल्यामुळे आजारी माणूस किंवा पाहुणा आल्याशिवाय डब्यातून बाहेर निघत नसे. बाबा एका मोठ्या कंपनीत एसी टेक्निशियन होते. नाइट शिफ्ट करून आले की गादीवर आडवे होऊन डोळे मिटायचे आणि खिडकीतल्या आमच्या जुन्या एसीचा आवाज ऐकायचे. "बेअरिंग कुरकुरते," एवढं निदान करून पुढच्या मिनिटाला घोरायला लागायचे. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी होत्या. आमच्या लोकांच्या घरात कोणाच्या दोन तसबिरी असतात ते सांगायला नको. रोज संध्याकाळी आई त्यांच्यासमोर मेणबत्ती लावायची, आणि मी त्यांच्यासमोर बसून इंग्रजी कविता पाठ करायचे.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते आणि स्वतःबद्दलचं माझं मत फारच चांगलं होतं. वर्गात पहिला नंबर, इंग्रजी फाडफाड, हस्ताक्षर मोत्यासारखं. उणीव एकच, की माझ्या वर्गातल्या चार मुली दर शुक्रवारी एका मोठ्या क्लबातल्या स्काउट पथकात जायच्या आणि शनिवारी शाळेत येऊन तंबू, शेकोटी आणि गाठी यांच्याबद्दल बोलायच्या. मला गाठींचं काही नव्हतं, मला तो स्काउटचा स्कार्फ पाहिजे होता. मी हट्टच धरला. बाबांनी एक दिवस सुट्टी घेतली, बुटांना पॉलिश केलं आणि मला क्लबात घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसानं बाबांचं कंपनीचं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, त्यावरची ग्रेड वाचली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "सॉरी, सगळ्या जागा भरल्या आहेत." काचेपलीकडे मैदानात मोजून सात पोरं होती. बाबांनी थँक्यू म्हणून कार्ड खिशात ठेवलं. परतताना बसमध्ये ते म्हणाले, "त्या क्लबातलं पाणी खारं असते म्हन्तात." आम्ही दोघंही हसलो. मग मी घरी जाऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही, आणि बाबांनी माझी समजूत काढायचा प्रयत्नही केला नाही, कारण त्यांनाही कोणीतरी समजूत काढायला पाहिजे होतं.

पंधरा दिवसांनी बाबा बातमी घेऊन आले. मनामा शहरात एका निवृत्त अमेरिकन नौसैनिकानं आपल्या अंगणात पथक काढलं होतं. कोणाचंही पोर चालत होतं, फी नव्हती, फॉर्म नव्हता. पुढच्या शुक्रवारी मी फ्रॉकला इस्त्री करून तिथे हजर झाले. गेटपाशी एक उंचापुरा काळा माणूस जमिनीवर बसून दोरखंडाचा गुंता सोडवत होता. मी त्याला माझ्या सर्वोत्तम इंग्रजीत विचारलं, "अमेरिकन साहेब कुठे आहेत?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "ते जरा बाहेर गेलेत," तो म्हणाला, "तोवर हे टोक धरून बसतेस?" मी वीस मिनिटं ते टोक धरून बसले आणि मधूनमधून रस्त्याकडे बघत राहिले. मग एक फिलिपिनो मुलगा धावत आला आणि त्या माणसाला "वॉल्टर अंकल" म्हणाला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अंकल हसलेसुद्धा नाहीत. "साहेब आले वाटतं," एवढंच म्हणाले. घरी येऊन सांगितलं तर आईची वेगळीच शंका. "अमेरिकन मंजे गोरा रायते ना वं?" त्या दोन तसबिरींच्या खाली बसून आम्ही मायलेकी हे बोलत होतो.

वॉल्टर अंकल जहाजांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात काम करायचे. त्यांची बायको लॉरेटा आंटी मोठ्या पातेल्यात राजम्यासारख्या दाण्यांची उसळ शिजवायची आणि मक्याच्या पिठाचा गोडसर पाव भाजायची. तो पाव मला आवडत नसे, पण मी दोन तुकडे खायचे, कारण अमेरिकन होता. जेवण झालं की अंकल गोष्ट सांगायचे, आणि बहुतेक वेळा एकच. त्यांच्या गावात चर्चच्या तळघरात स्काउट पथक भरायचं, पण काळ्या मुलांना दारातून आत घेत नसत. छोटा वॉल्टर रस्त्यापलीकडच्या कठड्यावर बसून खिडकीतून दिसणाऱ्या गाठी बघायचा आणि स्वतःच्या बुटाच्या नाडीवर करायचा. मोठेपणी त्यांनी काळ्या मुलांसाठी पथक मागितलं. पत्रावर पत्रं पाठवली. विचार चालू आहे, असं दर वेळी उत्तर यायचं. शेवटी एका न्हाव्याच्या दुकानामागच्या अंगणात त्यांनी परवानगीविना पथक सुरू केलं, आणि गणवेश कोणी विकेना म्हणून लॉरेटा आंटीनं घरातल्या पडद्यांचे स्कार्फ शिवले. "वर्षभर सगळं गाव आम्हाला जेवताना बघत होतं," आंटी आतून ओरडून सांगायची. परवानगी आली तेव्हा ते अंगण पुरेनासं झालं होतं. मनामातल्या आमच्या पथकाचे स्कार्फसुद्धा आंटीनंच शिवलेले होते. निळे, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.

पथकाचा नियम साधा होता. नव्या पोरानं तीन शुक्रवार यायचं, भांडी घासायची, दोरखंड गुंडाळायचे, दाणे निवडायचे. तिसऱ्या शुक्रवारी त्याला स्कार्फ मिळायचा, आणि त्याची गाठ बांधायची ती पथकातल्या सगळ्यात नव्या मेंबरनं, अंकलनी नाही. बाहेर उभं राहणं कसं असतं ते त्याला अजून आठवत असतं, असं त्यांचं म्हणणं. जुन्यांना विसर पडतो. मी ती गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या भक्तिभावानं ऐकली होती की शाळेच्या भाषणात सांगून मी बक्षीससुद्धा मिळवलं. विसर पडायला मला सहा महिनेही लागले नाहीत.

त्याचं असं झालं. पथकात मृणाल नावाची एक पुण्याची मुलगी होती. तिचे वडील बँकेत होते, आणि अमेरिकन उच्चार यावेत म्हणून तिच्या आईनं तिला तिथे घातलं होतं. आमची मैत्री जमली. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईनं विचारलं, "वानखडे म्हणजे कुणबी का गं तुम्ही, की देशमुखांपैकी?" वानखडे आडनावाची गंमत अशी की आमच्याकडे ते सगळ्यांत सापडतं. काकूंनी दोन पर्याय दिले होते, त्यात आमचा नव्हता, तेव्हा मी त्यातल्या त्यात भारी तो उचलला. "देशमुखांपैकी," मी म्हणाले. मग मला कागदी कपात सरबत मिळालं, फुलाफुलांच्या सुंदर कपात. बाकीच्यांना नेहमीचे काचेचे ग्लास होते. मी घरी येऊन आईपुढे ऐट मिरवली, "त्यांच्याकडे माझ्यासाठी वेगळा कप ठेवतात." आईचं पोळी लाटणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. "ठेवू दे," ती म्हणाली. माझं नाटक पहिल्याच अंकात पडलेलं होतं, आणि मी पुढचे अंक जोमानं करत होते.

नाटक म्हटलं की कष्ट आलेच. मृणालला घरी बोलावायचं नाही, कारण भिंतीवरच्या तसबिरी. ती विचारायची तेव्हा मी म्हणायचे, आमचा एसी बिघडलाय. माझे बाबा एसी टेक्निशियन आहेत हे तिला ठाऊक होतं. कित्येक महिने त्यांच्या स्वतःच्या घरातला एसी दुरुस्त होत नव्हता, आणि ती बिचारी एवढंच म्हणायची, "लोहाराच्या घरी विळा मोडका." परवा हे मी माझ्या नातीला सांगितलं. ती मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. "आजी, दॅट इज अ टेरिबल लाय," ती म्हणाली. खोटं बोलणं वाईट असं तिला म्हणायचं होतं असं मला वाटलं, पण तिचं म्हणणं असं, की यापेक्षा चांगली थाप सुचायला हवी होती.

अशात गवई काका आले. म्हणजे काका आधीपासून होतेच, एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर, महिन्याच्या बुद्धवंदनेला आमच्या घरी यायचे आणि आल्या आल्या आधी सगळ्यांच्या चपला सरळ लावायचे. फॅमिली व्हिसासाठी ते बरीच वर्षं खेपा घालत होते. तो अखेर झाला आणि अमरावतीहून त्यांची बायको आणि प्रज्ञा आली. प्रज्ञा दहा वर्षांची, दोन वेण्या, आवाज खणखणीत. ती कोणीही आपलं माणूस दिसलं की दोन्ही हात जोडून "जय भीम" म्हणायची, जिन्यात, बसमध्ये, सूकच्या बाजारात, भर रस्त्यात. त्या महिन्याची बुद्धवंदना झाल्यावर काका माझ्या मागे स्वयंपाकघरात आले. "वंदना, तू त्या पथकात जातं ना? आमच्या प्रज्ञाले बी ने ना संगं. पोरगी घरात बसून कंटाळते."

माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. प्रज्ञा गेटातून येते, हात जोडते, खणखणीत आवाजात म्हणते, आणि मृणाल माझ्याकडे बघते. मी हातातला पेला खाली ठेवला. "काका, सध्या जागा भरल्या आहेत," मी म्हणाले. आवाज अगदी गोड होता. काकांनी मान हलवली. "बरं, काही हरकत नाही. झाली की सांगजो."

दोन महिने ते भेटतील तिथे विचारत राहिले आणि मी उत्तर देत राहिले. ऑफिसातल्या माणसांसारखं मी कपाळाला आठी घालून म्हणायचे, "अजून नाही काका. बहुतेक पुढच्या महिन्यात, इंशाल्ला." बहारीनमध्ये वाढलेल्या कोणालाही इंशाल्लाचा हा उपयोग सांगावा लागत नाही. एकदा तर प्रज्ञानं मला दाखवायला ओढणीवर तीन गाठी मारून आणल्या होत्या. कोणाकडून तरी शिकली होती. "बराबर हायेत का, ताई?" बरोबर होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. मी म्हणाले, "ठीक आहेत." आजही एखादी रात्र अशी येते की मला ही ओढणी आठवते आणि मी उठून पाणी पिते.

एका शुक्रवारी आम्ही अंगणात तंबूच्या खुंट्या ठोकत होतो, आणि गेटातून गवई काका आत आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाजूला प्रज्ञा. मी तंबूच्या मागे गेले. काका सरळ वॉल्टर अंकलपुढे उभे राहिले, आणि पाठ करून आणलेलं इंग्रजी बोलले. त्याचा अर्थ असा होता, की सर, मी लॉन्ड्रीत आहे, तुमच्या सगळ्या मुलांचे स्कार्फ मी दर आठवड्याला धुऊन इस्त्री करून देईन, पैसे नको, फक्त एक जागा झाली तर माझ्या मुलीचं नाव आधी लिहा. लॉरेटा आंटी दारात आली होती. अंकल म्हणाले, "जागा नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांचा आवाज मी त्याआधी कधी तसा ऐकला नव्हता. काकांनी अंगणभर नजर फिरवली, तंबूमागचे माझे पाय त्यांना दिसले असणार. "नोबडी, सर," ते म्हणाले. "माय मिस्टेक." त्या क्षणी मी पुढे यायला हवं होतं. मी खुंटी ठोकत राहिले. ती केव्हाच पूर्ण आत गेली होती. मग प्रज्ञा मोठ्यानं म्हणाली, "वंदनाताईनं सांगतलं." तिला मला पकडून द्यायचं नव्हतं, प्रश्नाचा अंदाज आला आणि तिनं उत्तर दिलं; अंकलना त्यातलं माझं नाव पुरलं.

अंकलनी मला मागच्या पायरीवर बसवलं आणि का, असं विचारलं. मी कारणं दिली. दोरखंड कमी पडतात. ती लहान आहे. तिला इंग्रजी येत नाही. मग मी म्हणाले, "अंकल, इन अवर कंट्री देअर इज अ थिंग..." आणि पुढे मला, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला, एक शब्द सुचेना. "भानगड असते हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "सगळ्या देशांत असते. तू सांग, ती मुलगी तुमच्यातलीच आहे?" मी मान हलवली. "आणि तू तिच्यातली आहेस, हे इथल्या कोणाला कळायला नको होतं?" मी परत मान हलवली आणि रडायला लागले, कारण रडलं की मोठी माणसं विरघळतात असा माझा अनुभव होता. अंकल विरघळले नाहीत. ते संतापले होते, आणि ते लपवतही नव्हते. "माझ्यावर दार बंद करणारे मला कळायचे," ते म्हणाले. "तुझं मला कळत नाही. तू तर माझ्या अंगणात बसून जेवलीस." त्यांनी हात पुढे केला. मी स्कार्फ सोडून त्यांच्या हातात ठेवला. "ती दोन महिने वाट बघतेय. तिचे शुक्रवार झाले. तुझे तीन बाकी." तो स्कार्फ तिथल्या तिथे प्रज्ञाच्या गळ्यात गेला. इस्त्रीचं काय करायचं, असं काकांनी पुन्हा विचारलं. अंकल म्हणाले, "इस्त्री प्रत्येकानं आपापली करायची. तुम्ही बसा, जेवून जा."

घरी बाबांनी विचारलं, "स्कार्फ कुठी गेला वं?" धुवायला दिलाय, असं मी सांगितलं. काकांनी घरी चकार शब्द काढला नाही, त्या महिन्यात नाही आणि पुढेही नाही. कोणी रागावलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग मी तीन शुक्रवार भरले. पातेली घासली, दाणे निवडले. प्रज्ञा माझ्या शेजारी येऊन बसायची आणि न विचारता अर्धे दाणे आपल्याकडे ओढायची. दर शुक्रवारी गेटातून आत आली की ती हात जोडायची, "जय भीम, ताई," आणि मी म्हणायचे, "गुड मॉर्निंग." दुसऱ्या शुक्रवारी मला नेमका त्याच वेळी खोकला आला. मृणाल बघत होती. सॉरी म्हणायचं मी तिन्ही शुक्रवारी ठरवलं होतं आणि तिन्ही शुक्रवारी पुढच्या शुक्रवारवर ढकललं. उगाच कशाला खोटं लिहू, पश्चात्ताप झाला होता, पण त्याच्याहून जास्त काळजी होती ती अशी, की मृणालकडे आपल्याला पुन्हा बोलावतील की नाही.

तिसऱ्या शुक्रवारी सगळे गोल करून उभे राहिले. पथकातली सगळ्यात नवी मेंबर प्रज्ञा होती. लॉरेटा आंटीनं तिच्या हातात नवा स्कार्फ दिला, तिनं टाचा उंचावून तो माझ्या गळ्यात टाकला, दोन्ही टोकं धरली, पहिला फेरा घातला आणि थांबली. तिचा चेहरा माझ्या हनुवटीखाली होता. "जय भीम, ताई," ती म्हणाली. टोकं तिच्या मुठीत होती. मृणाल माझ्या अगदी समोर होती. वॉल्टर अंकल मुद्दाम आकाशाकडे बघत होते, आणि त्या आकाशात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"जय भीम," मी पुटपुटले.

"आयकू नाई आलं," प्रज्ञा म्हणाली. चिडवत नव्हती, तिला खरंच ऐकू आलं नव्हतं.

मी पुन्हा म्हणाले. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मृणालनं तोवर मला ओळखलं होतं, आणि आता हळू बोलून वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे माझ्या हुशार डोक्यात उशिरा का होईना शिरलं. मी श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा म्हणाले. आवाज इतका मोठा आणि फाटका निघाला की पलीकडच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. प्रज्ञानं टोकं ओढली आणि गाठ बसली.

गेटाबाहेर, भिंतीच्या सावलीत, गवई काका मुलीची वाट बघत पेपर वाचत उभे होते. त्यांना वाटलं, कोणीतरी आपल्यालाच म्हणतंय. त्यांनी पेपरातून मान वर न काढता एक हात उंच केला आणि नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं, "जय भीम, पोरी." मग पान उलटून ते पुढची बातमी वाचायला लागले.